पीए म्हणजे कंपाउंडर नव्हे!

"डॉक्टर, नात काही डॉक्टर होऊ शकली नाही. आता तिकडे अमेरिकेत कंपाउंडर होतेय."

बीपी तपासायला आलेले एक आजोबा परवा मला हे म्हणाले. एरवी त्यांचं बीपी गोळीवर छान राहतं. त्या दिवशी १६० च्या वर होतं. जरा विचारल्यावर खरं कारण बाहेर आलं. नात फिजिशियन असिस्टंटच्या, म्हणजे पीएच्या, पहिल्या वर्षाला आहे. एका पेपरात थोडक्यात नापास झाली आणि व्हिडिओ कॉलवर रडली. घरचे म्हणाले, "एवढा साधा कोर्स, त्यातही नापास?" आजोबांचा प्रश्न होता, "तिला सोडून दे म्हणू का?"

वाचकहो, त्या "साधा" शब्दावर मला आज थोडं भांडायचं आहे.

१९६५ साली अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी हा अभ्यासक्रम सुरू केला. पहिली तुकडी नौदलात वैद्यकीय काम केलेल्या चार जणांची होती. आज तिकडे प्रवेशासाठी आधी पदवी लागते. बऱ्याच ठिकाणी रुग्णसेवेचा प्रत्यक्ष अनुभवही मागतात. कोर्स साधारण २७ महिन्यांचा. त्यातलं पहिलं वर्ष, कधी त्याहून थोडं जास्त, वर्गातलं: शरीररचना, शरीरक्रिया, औषधशास्त्र, रोगनिदान, रुग्ण तपासण्याची पद्धत. मग वेगवेगळ्या विभागांत प्रत्यक्ष काम. शेवटी ३०० प्रश्नांची, पाच तासांची राष्ट्रीय परीक्षा. ती पास झाल्याशिवाय परवाना नाही. पीए डॉक्टरांच्या टीममध्ये रुग्ण तपासतात, निदान करतात, औषधंही लिहून देतात. अधिकार किती, ते राज्यागणिक बदलतं.

आम्हाला पहिल्या एमबीबीएसला दीड वर्ष होतं, तरी ॲनाटॉमीने घाम फोडला होता. या मुलांपुढे तेवढ्याच काळात औषधं आणि आजारही येऊन उभे राहतात. पीए म्हणजे डॉक्टर असं मी म्हणत नाही. डॉक्टरचं शिक्षण कितीतरी लांब आणि खोल असतं. पण वेगळं म्हणजे हलकं नव्हे.

आता दुसरं भांडण, आणि ते आम्हा डॉक्टरांशीच आहे. "आम्ही दोन-दोन रात्री जागून अभ्यास केला" हे आम्ही पदक मिळाल्यासारखं सांगतो. मीही सांगत आलोय. हा निव्वळ वेडेपणा आहे. दिवसभर शिकलेलं मेंदूत पक्कं व्हायला झोप लागते. मोठ्या माणसाला किमान सात तास झोप हवी, असं आम्हीच तुम्हाला सांगतो आणि आमच्याच विद्यार्थ्यांना जागवतो! रात्रभर घोकलेलं शुक्रवारच्या पेपरात उतरतं आणि सोमवारपर्यंत उडून जातं.

यात तुमचा काय संबंध? ऐका. मधुमेह असलेल्या माणसाला हार्ट ॲटॅक येतो तेव्हा कधी कधी छातीत दुखतच नाही. नुसता दम लागतो, घाम येतो, मळमळतं. हे पहिल्या वर्षाच्या वर्गात शिकवतात. ते ज्याच्या डोक्यात पक्कं बसलं, तो लगेच ईसीजी काढेल. ज्याने ते फक्त पेपरापुरतं पाठ केलं, तो ॲसिडिटीची गोळी देऊन घरी पाठवेल. त्या खुर्चीवर उद्या तुम्ही असाल, किंवा परदेशात मुलाकडे राहायला गेलेले तुमचे आई-वडील.

काहीजण म्हणतील, "माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे, मग कोर्स कडक नको का?" हवाच. पास होण्याची रेषा एक इंचही खाली आणू नका. पण ज्ञानाची परीक्षा वेगळी आणि कोण किती दिवस न झोपता उभा राहतो याची परीक्षा वेगळी. दुसरीतून चांगला वैद्यकीय माणूस निवडला जात नाही. फक्त दमलेला निवडला जातो.

मग वर्ष निघायचं कसं? पुस्तक पुन्हा पुन्हा वाचून नव्हे. पुस्तक मिटून स्वतःला प्रश्न विचारायचे. आज वाचलेलं दोन दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा आठवून पाहायचं. चार जणांत बसून एकमेकांना समजावून सांगायचं. एका पेपरात अडखळलं तर लपवायचं नाही, त्याच आठवड्यात शिक्षकांना गाठायचं. पुढचा विषय थांबत नाही, त्यामुळे लपवलेली उणीव वाढतच जाते. आणि रडू, झोप उडणं, जेवण नकोसं होणं आठवडेच्या आठवडे टिकलं, तर त्याला आळस म्हणू नका. तो आजार असू शकतो. कॉलेजच्या समुपदेशकाची किंवा डॉक्टरांची मदत घ्यायला सांगा.

हे फक्त अमेरिकेपुरतंही नाही. आपल्याकडे १९९२ साली चेन्नईत पीएचं शिक्षण सुरू झालं. २०२१ च्या कायद्याने या व्यवसायाला मान्यताही दिली. उद्या तुमच्या जवळच्या हॉस्पिटलात पीए भेटतील. तेव्हा "तुम्ही डॉक्टर की पीए?" हे जरूर विचारा, तो तुमचा हक्क आहे. पण उत्तर ऐकून नाक मुरडू नका.

आजोबांना मी एवढंच म्हणालो, "सोड म्हणू नका आणि मार्कही विचारू नका. आज फोन केलात की विचारा, जेवलीस का, झोपलीस का. आणि कंपाउंडर हा शब्द घरातून काढून टाका."

बीपीची गोळी तीच ठेवली आहे. पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावलंय.