फळाचं नाव पाकिटावर हवं

कोलंबियाच्या किंदियो प्रांतातल्या एका छोट्या मळ्यातली कॉफी सध्या घरी आहे. पाकीट कापलं की पीचचा वास येतो आणि बिया दळल्या की तो खोलीभर पसरतो. दूध-साखर न घालता प्यायली तर पहिल्या घोटाला पीच, मागून कॉफीचा हलका कडवटपणा, आणि कप निवत जाईल तशी आंबटगोड चव वर येते. मला ती मनापासून आवडली. अशा कॉफीवरून जाणकारांत मात्र कडाक्याचे वाद आहेत. ही चव कॉफीची की पीचची?

मुळात कॉफी हेही फळच. त्याचं लाल साल काढलं की बियांभोवती गोड, बुळबुळीत गर असतो. तो सुटावा म्हणून कोलंबियातले शेतकरी पूर्वापार बिया रात्रभर टाकीत आंबवतात आणि मग धुतात. नवे प्रयोग या आंबवण्यावरच चालले आहेत. पिकलेली फळं किंवा सोललेल्या बिया बंद पिंपात भरतात. यीस्ट आणि जिवाणू साखर खाऊ लागले की कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि आतली हवा झडपेतून बाहेर ढकलतो. त्यातच पीच, स्ट्रॉबेरी, अननस नाहीतर पॅशनफ्रूट घालतात. आधीच्या चांगल्या पिंपातला रस, तिथे त्याला ‘मोस्तो’ म्हणतात, विरजणासारखा पुढच्या पिंपात जातो. मग दोन दिवस, चार दिवस पीएच आणि तापमानावर नजर ठेवायची. वेळ चुकली तर व्हिनेगरचा दर्प येतो आणि तो धुऊन जात नाही. एक किलो कच्च्या कॉफीला कॉफीचीच पाच-सहा किलो फळं लागतात, त्यामुळे एक पिंप बिघडलं तरी नुकसान मोठं. हा माल थोडाथोडा होतो तो यासाठी.

बंद पिंपाची ही कल्पना वाइनवाल्यांची. ऑस्ट्रेलियाच्या साशा सेस्टिक यांनी २०१५ मध्ये सिअॅटलला जागतिक बरिस्ता स्पर्धा जिंकली ती अशाच पद्धतीनं तयार केलेल्या कोलंबियन कॉफीवर. तेव्हापासून या पद्धतीचा बोलबाला झाला. आपल्याकडे चिकमंगळूर आणि कोडगूतल्या काही मळ्यांतही आता असे प्रयोग होतात.

मी या शेतकऱ्यांच्या बाजूचा आहे, आणि त्याला कारण भावाचं आहे. न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात २०१८-१९ मध्ये कॉफी पौंडाला एक डॉलरच्या खाली गेली. कोलंबियातल्या अनेक लहान शेतकऱ्यांचा उत्पादनखर्चही त्यात निघत नव्हता. वर्षभर राबायचं आणि दर दुसऱ्या देशात ठरायचा. पीचच्या पिंपाचा भाव त्या बाजाराला बांधलेला नसतो, तो शेतकरी स्वतः सांगू शकतो. त्याच्या हातातलं हे बळ ‘शुद्धते’च्या नावाखाली कुणी काढून घेऊ नये.

पण घातलेलं फळ लपवूही नये. इथियोपियात सालासकट उन्हात वाळवलेल्या कॉफीला बाहेरचं एकही फळ न घालता बेरीचा वास येतो. तो तिथल्या वाणाचा, उंचीचा, रोज कॉफीची फळं परतणाऱ्या हातांचा. पीच घातलेली कॉफी नुसतीच ‘पीचच्या स्वादाची’ म्हणून तिच्या शेजारी मांडली, तर गिऱ्हाइकाला फरक कळत नाही आणि इथियोपियातल्या शेतकऱ्याची मेहनत झाकली जाते. वाळलेल्या बियांना वरून इसेन्स लावून तो आंबवण्याचा गुण म्हणून विकणं ही तर सरळ फसवणूक आहे.

तेव्हा असं पाकीट घेताना दुकानदाराला जरूर विचारा: यात कोणतं फळ घातलं, आणि ते आंबवताना घातलं की नंतर? उत्तर मिळालं नाही तर ते पाकीट घेऊ नका.