बांधापलीकडचे पाणी

मार्च उजाडला की मराठवाड्यातल्या अनेक शिवारांत बोअरच्या गाडीची घरघर रात्रभर चालू असते. विहिरीने तळ गाठलेला असतो आणि आठ-दहा वर्षे जपलेली मोसंबीची बाग डोळ्यांदेखत वाळू लागते. शेतकरी पाणाड्याला बोलावतो, तो जागा दाखवतो, आणि गाडी उभी राहते. दोनशे फुटांना ओल लागत नाही, म्हणून चारशे. तिथेही धूळच निघाली तर सहाशे. राज्याच्या 2009च्या भूजल कायद्याने अधिसूचित क्षेत्रांत शेतीसाठी 60 मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा, खोल विहिरीला मनाई केली आहे. पण रात्रीच्या त्या घटकेला कायदा दूर असतो आणि बाग समोर असते.

या शेतकऱ्याने थांबावे असे आपण म्हणतो, तेव्हा त्याला कारण कोणते द्यायचे? ‘तुझ्याच भल्यासाठी थांब; आज तू सहाशेवर गेलास तर उद्या शेजारी आठशेवर जाईल आणि दोघांच्याही बोअर कोरड्या पडतील,’ असे एक कारण आहे. ‘खालचे पाणी तुझ्या एकट्याचे नाही, म्हणून थांब,’ असे दुसरे. पहिल्यात नीतीचा आधार स्वहित आहे, दुसऱ्यात कर्तव्य. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोहोचत असतील तर वाद कशाला, असे वाटू शकते. पण त्या नेहमी एकाच ठिकाणी पोहोचत नाहीत, आणि जिथे फुटतात तिथेच निर्णय अवघड होतो.

स्वहिताची बाजू आधी नीट ऐकली पाहिजे, कारण आपल्याकडे तिला फार लवकर हिणवले जाते. ‘आधी पोटोबा, मग विठोबा’ ही म्हण टोमणा म्हणून वापरली जाते. पण तिच्यात एक खरे निरीक्षण आहे. ज्याचे घर चालत नाही त्याला समाजाचे भान ठेवायला सांगणे सोपे असते, पाळणे कठीण. इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्ज याने 1651मध्ये मांडलेला युक्तिवाद याच जातीचा होता: माणसे नियम मान्य करतात ती परोपकारबुद्धीने नव्हे, तर नियमावाचून प्रत्येकाचाच जीव धोक्यात येतो म्हणून. आपल्याकडे आगरकरांनी निव्वळ स्वार्थाचा पुरस्कार केला नाही. मात्र नीतीला परलोकाच्या भीतीची गरज नाही, माणसाच्या इहलोकीच्या सुखदुःखावर ती उभी राहू शकते, हा आग्रह त्यांनी धरला. स्वहिताच्या युक्तिवादाला त्या आग्रहातून बळ मिळते. जी नीती माणसाला आपले सुख मोजण्याची परवानगीच देत नाही, ती पाळली कमी जाते आणि मिरवली जास्त.

हा विचार केवळ पुस्तकी नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांचा पीएच.डी.चा विषय भूजल हाच होता: लॉस एंजेलिसजवळच्या एका भूजल खोऱ्यात इतका उपसा झाला होता की समुद्राचे खारे पाणी आत शिरू लागले होते. तिथल्या उपसा करणाऱ्यांनी न्यायालयात भांडत, बोलणी करत आपापला उपसा कमी करण्याचे मान्य केले. ते एकाएकी साधू झाले नव्हते. ‘इतर कमी करणार असतील तर मीही करतो’ एवढीच त्यांची अट होती, आणि कोण किती उपसतो हे सर्वांना कळेल अशी व्यवस्था होती. आपल्याकडे नगर जिल्ह्यातले, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधले, हिवरे बाजार हेच सांगते. पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर गावाने शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळीसारखी पिके घ्यायची नाहीत, असे ठरवले. दरवर्षी पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडला जातो, आधी माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याचे पाणी बाजूला निघते, आणि मग रब्बीत काय, किती पेरायचे ते ठरते. बोअर न घेतल्याने विहिरींना पाणी राहिले, चारा वाढला, दूध वाढले, शहरांत गेलेली कुटुंबे परतली. संयम पाळणाऱ्याला त्याचा मोबदला दिसला, म्हणून संयम टिकला.

मात्र ऑस्ट्रॉम यांच्या खोऱ्यात आणि हिवरे बाजारात जी गोष्ट होती, ती बहुतेक शिवारांत नाही. एकमेकांचा उपसा तिथे दिसत होता. दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी झिजलेल्या थरांत आणि भेगांत साठते, आणि कोणाच्या बोअरने कोणाची विहीर ओढली हे बहुतेक वेळा सिद्ध करता येत नाही. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये एक जुनी गोष्ट आहे. गायजीस नावाच्या मेंढपाळाला अदृश्य करणारी अंगठी सापडते, आणि ती बोटात घातल्यावर त्याला चांगले वागण्याचे कारणच उरत नाही. बोअर ही अशी अंगठी आहे. तिचा उपसा जमिनीच्या पोटात होतो आणि परिणाम दुसऱ्याच्या बांधात दिसतो, तोही वर्षा-दोन वर्षांनी. ज्याला पकडले जाण्याची शक्यता नाही, त्याचे चोख गणित त्याला थांबायला सांगत नाही. उलट, बाकी सगळे थांबले असतील तेव्हाच एकट्याने खोल जाणे सर्वांत फायद्याचे ठरते.

‘दूरचा विचार केला तर असे होणार नाही,’ हे यावरचे नेहमीचे उत्तर. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त याच उत्तराची छाननी केली आहे. चार्वाकाच्या उघड स्वार्थापासून हॉब्जच्या दूरदर्शी स्वार्थापर्यंत आणि पुढे पुष्कळांच्या पुष्कळ सुखापर्यंत ते पायरीपायरीने जातात. दूरदर्शी स्वार्थ उघड स्वार्थाहून बरा, पण अखेर तोही स्वार्थच, असा त्यांचा निर्वाळा आहे. कर्माचे मोल बाह्य परिणामावर नव्हे, करणाऱ्याच्या बुद्धीवर ठरते, असे ते मानतात. टिळकांचा संपूर्ण सिद्धान्त न स्वीकारताही त्यातला एक मुद्दा मला अटळ वाटतो. दूरदृष्टी किती दूरची, हे स्वार्थ आपल्या सोयीने ठरवतो. ज्याचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे आणि जो पाच वर्षांनी जमीन विकणार आहे, त्याचे ‘दूर’ पाच वर्षांवरच संपते. त्याचा हिशेब चुकलेला नाही, आणि त्या अचूक हिशेबातच गावाची विहीर आटते.

दुसरीकडे, कर्तव्य आणि त्याग यांच्या भाषेलाही एक काळी बाजू आहे, आणि तिच्याकडे डोळेझाक करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्यागाची हाक दिली जाते तेव्हा तो नेमका कोणाच्या वाट्याला येतो? दुष्काळात हंडा बाईच्या डोक्यावर असतो. घरासाठी झिजणे हा तिचा धर्म, असे तिला पिढ्यानपिढ्या सांगितले गेले, आणि स्वतःची झोप, पाठ, शिक्षण यांचा विचार करणाऱ्या बाईला स्वार्थी म्हटले गेले. ‘यात माझे काय?’ हा प्रश्न तिच्या तोंडी आला, तर तो नीतीचा ऱ्हास नसतो. नीतीची ती सुरुवात असते.

उसाच्या वादातही हेच होते. महाराष्ट्रात पिकाखालच्या क्षेत्राच्या चार टक्क्यांहून कमी जागेवर असलेला ऊस सिंचनाचे सुमारे सत्तर टक्के पाणी घेतो, असे केंद्राच्या कृषी मूल्य आयोगाने नोंदवले आहे. आकडा अस्वस्थ करणारा आहे. एप्रिल 2016मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी न्यावे लागले, तेव्हा त्याच पट्ट्यातल्या उसाकडे बोट दाखवले गेले, आणि ते गैर नव्हते. पण ऊस लावणाऱ्याची बाजूही आहे. हमखास दर आणि हमखास गिऱ्हाईक ज्या थोड्या पिकांना आहे, त्यांत ऊस पहिला. तूर पिकवून भाव पडल्याचा अनुभव घेतलेला माणूस उसाकडे वळतो, तेव्हा तो लोभी असतो असे नाही; व्यवस्थेने दाखवलेली वाट तो चालत असतो. धरणाचे पाणी नळाने घेणाऱ्या शहरी माणसाने त्याला कर्तव्य शिकवावे, यात काहीतरी खटकते. त्याचे हित दुसऱ्या पिकात राहील अशी खरेदी उभी करणे, हे उपदेशापेक्षा अधिक नैतिक काम आहे.

इथवर पाहता स्वहिताची बाजू पुष्कळ भक्कम आहे, आणि धोरण आखणाऱ्याने तिच्यापासूनच सुरुवात करावी असे माझे मत आहे. तरीही ती नीतीचा पाया होऊ शकते का, या प्रश्नावर मी दुसऱ्या बाजूला झुकतो. त्याचे कारण पुरंदर तालुक्यातल्या नायगावात सापडते.

1972च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे हे पुण्याचे उद्योजक तिथे गेले आणि त्यांच्या प्रयत्नांतून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम आजही वाचण्यासारखे आहेत. पाणी एकट्यादुकट्याला नाही, गटाला. वाटा जमिनीच्या एकरांवर नाही, घरातल्या माणसांच्या संख्येवर: माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नाही. ऊस नाही. यांतल्या बहुतेक नियमांचे समर्थन स्वहिताच्या भाषेत करता येते. थोडे थोडे सर्वांना मिळाले की भांडणे कमी होतात आणि योजना टिकते.

पण आणखी एक नियम होता: भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. ज्याच्याकडे भिजवायला जमीनच नाही, त्याला पाण्यावर हक्क. स्वहितवादी म्हणेल, यातही शहाणपण आहे. मजूर गावात राहतील, चोरी होणार नाही. एखाद्या गावात ते खरेही असेल. मात्र जिथे मजूर बाहेरून सहज मिळतात, जिथे भूमिहीन कुटुंबे थोडी आहेत आणि त्यांच्याजवळ ना मत आहे ना उपद्रवमूल्य, तिथे जमीनवाल्यांच्या हिताचे गणित त्यांना एक थेंबही देत नाही. स्वहितावर उभा असलेला करार अशांनाच आत घेतो, ज्यांच्याकडे देण्यासारखे किंवा बिघडवण्यासारखे काहीतरी आहे. भूमिहीन, ओढ्याच्या खालच्या अंगाचे गाव, अजून न जन्मलेली मुले यांच्याकडे यांतले काहीच नसते. कोणाचे हित मोजायचे, हा नीतीतला पहिला प्रश्न आहे, आणि स्वहित त्याचे उत्तर देऊ शकत नाही; ते फक्त मोजणी सुरू झाल्यावर कामाला येते.

असहमत असणाऱ्यांचे म्हणणे मी हलके मानत नाही. पाया कोणता यावर वाद घालण्यापेक्षा काम करणारी यंत्रणा बांधा, असे ते म्हणतात, आणि हिवरे बाजारासमोर या म्हणण्याचे वजन कबूल करावे लागते. शिवाय भूमिहीनांचा वाटा कर्तव्य म्हणून लिहिला तरी तो टिकायला पुन्हा कोणाचे तरी हित गुंतलेले हवे, हेही खरे. माझा आग्रह क्रमाचा आहे. वाटेकरी कोण, हे न्यायाने ठरवावे. वाटणी टिकावी कशी, हे हिताने. क्रम उलटला, तर जो बळकट तोच वाटेकरी उरतो.

पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात, अनेक गावांच्या ग्रामसभा पाण्याचा ताळेबंद मांडतील. कोणाच्या विहिरीला किती पाणी आहे, रब्बीला किती क्षेत्र धरायचे, याची चर्चा होईल आणि ती व्हायलाच हवी. तिथे बसणाऱ्या प्रत्येकाला विनंती आहे: पहिला आकडा लिहिण्याआधी, ज्यांच्या नावावर सातबारा नाही त्या घरांची यादी वाचून दाखवा.