रोलरचे बिल कोणी द्यायचे?



सणासुदीच्या दोन महिन्यांत आपल्याकडच्या मैदानांना भलतीच मागणी असते. नवरात्रात मंडप, दसऱ्याला रावण, मग फटाक्यांची दुकाने. सगळे आटोपले की मागे खिळे आणि बांबूंचे खड्डे उरतात, आणि त्यातूनच पोट्टे आपली खेळपट्टी शोधून काढतात. मंगल कार्यालयवाला नुकसानीपोटी अनामत घेतो, पण मैदानाच्या खड्ड्यांची अनामत कुणी कापून घेतल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.

दिवाळी अंकाच्या पहिल्याच पानावर मैदानाच्या मुरुमाची चर्चा कशाला, असे काहींना वाटेल. कथा-कविता पुढे भरपूर आहेत. पण यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीसारख्या गावात हा विषय साहित्याइतकाच सांस्कृतिक आहे, असे आम्ही मानतो.

आधी मातीचे बोलू. आपल्याकडची काळी जमीन कपाशीला मानवते, धावणाऱ्याला मात्र नाही. पावसाळ्यात ती फुगते, बुटाला किलोभर चिकटते. उन्हाळ्यात आक्रसते आणि पाऊल मुरगळेल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीवर मैदान करायचे तर वरची काळी काढावी लागते, खाली दगड-मुरूम भरावा लागतो, पाणी मारून रोलर फिरवावा लागतो, कडेला नाली आणि पाणी निघेल एवढा उतार द्यावा लागतो. आणि हे एकदा करून भागत नाही. दोन पावसाळ्यांत मुरूम वाहून जातो, काळी पुन्हा डोके वर काढते. आखाड्यातल्या मंडळींना हे पक्के ठाऊक होते. अमरावतीला १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले, त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या आखाड्यांतली माती उकरली जाई, चाळली जाई, तिच्यात तेल, ताक, हळद मिसळली जाई. ती रोजची चाकरी होती. तिचे उद्घाटन होत नसे.

सरकारी पैशाला नेमके हेच जमत नाही. योजना नाहीत असे कुणी म्हणू नये. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान हवे असे लिहिलेले आहे. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत उद्याने आणि क्रीडांगणे हा नगर परिषदेचा विषय आहे. क्रीडा खात्याची क्रीडांगण विकास अनुदान योजना शाळांना आणि स्थानिक संस्थांना मैदान सपाट करायला, धावनमार्गाला, कुंपणाला पैसे देते. २०२२ मध्ये तालुका क्रीडा संकुलाची खर्चमर्यादा एक कोटीवरून पाच कोटींवर गेली. पण यातला बहुतेक पैसा बांधून देण्यासाठी आहे, राखण्यासाठी नाही. म्हणून कमान होते, पेव्हर ब्लॉक बसतात, ओपन जिमची यंत्रे उभी राहून गंजतात, आणि मधली जमीन होती तशीच राहते. जमीन सपाट करणे अवघड असते म्हणावे, तर निवडणुकीत हेलिपॅडसाठी ती एका रात्रीत सपाट होते, टँकर येऊन पाणीही मारून जातो. नोव्हेंबर २०२४ मध्ये वणीच्या हेलिपॅडवर एका नेत्याची बॅग तपासली गेली आणि आपले गाव देशभर टीव्हीवर दिसले. आम्ही मात्र ती बातमी पाहताना खालच्या जमिनीकडे पाहत होतो.

आता पैशाचे. वणीला पैसा नाही, हे वाक्य आमच्यापुढे कुणी उच्चारू नये. राजूर, कोलारपिंपरी, उकणी या खाणींची नावे कोळशाने काळी झालेली आहेत. त्या धुळीत आपली मुले श्वास घेतात, त्याच धुळीतून धावतात. कोळशाच्या किमतीवर चौदा टक्के स्वामित्वधन लागते. जानेवारी २०१५ च्या आधीच्या खाणपट्ट्यांना त्या स्वामित्वधनाच्या तीस टक्के इतकी रक्कम वेगळी जिल्हा खनिज प्रतिष्ठानात भरावी लागते. म्हणजे हजार रुपयांच्या कोळशामागे बेचाळीस रुपये खाणबाधितांच्या नावाने निघतात. एका मालगाडीत किती कोळसा जातो, याचा हिशेब रेल्वे फाटकावर खोळंबलेल्या वाचकांनीच करावा. आणि २०१५ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत हा निधी प्राधान्याने कशावर खर्च करावा ते लिहिताना, शिक्षण या सदराखाली वर्गखोल्या आणि प्रयोगशाळांबरोबर क्रीडा सुविधाही नोंदवल्या आहेत. मैदान ही मेहेरबानी नाही, ते प्राधान्याच्या यादीत आहे.

मग अडते कुठे? थोडे भूगोलात: लोकसभेला आपण चंद्रपूरचे, महसुलाला यवतमाळचे, त्यामुळे दोन्हीकडे पाहुणे. जास्त अडते ते प्रस्तावात. शाळा खोली मागते, कारण खोलीचा अंदाजपत्रकी नमुना तयार असतो. मुरूम, रोलर, टँकर आणि राखणदार यांचा प्रस्ताव तयार करायची कुणाला सवयच नाही. याचा सगळ्यात जास्त फटका मुलींना बसतो. मुलगे रस्त्यावर, शेतात, कुठेही खेळतात. मुलीला कुंपण, उजेड आणि प्रसाधनगृह नसेल तर आठवीनंतर तिचा खेळ थांबतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या दोन्ही संघांनी जिंकला. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. त्या खेळाला लागते काय? सुमारे २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद अशी सपाट जागा, दोन खांब आणि फक्की. फक्कीला चुना तर राजूरलाच पिकतो.

राज्यातल्या बहुतेक नगर परिषदांवर २०२५ पर्यंत काही वर्षे प्रशासक होते. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२६ पर्यंत स्थानिक निवडणुका उरकायला सांगितल्या होत्या. निवडणूक आली की फराळाच्या ताटाबरोबर उमेदवारही दारात येतात. त्यांच्याकडे नवे संकुल मागू नका. नगर परिषदेच्या अंदाजपत्रकात मैदान देखभालीचे वेगळे लेखाशीर्ष मागा: मुरुमाच्या ट्रिपा, रोलरचे भाडे, पाणी, एका माणसाचा पगार. खनिज प्रतिष्ठानाला आपली कामे संकेतस्थळावर जाहीर करावी लागतात. ती यादी उघडा, आपल्या वॉर्डातल्या शाळेचे नाव शोधा. नसेल तर शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करून घ्या, आणि उमेदवार चकली उचलेल तेव्हा त्याची एक प्रत त्याच्या हातात द्या.