मनोरुग्णांचे हक्क कागदावर, ओझे बाईच्या खांद्यावर

दरवर्षी 10 ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन साजरा होतो. फलक लागतात, भाषणे होतात आणि जवळपास प्रत्येक भाषणात एक ठरलेला मुद्दा येतो : गोरगरीब समाजात जागृती नाही, लोक दवाखान्याऐवजी भगताकडे जातात. आमचा या मुद्द्यालाच आक्षेप आहे.

वस्त्यांत काम करताना आम्हाला दिसते ते असे. खेड्यातून जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात जायचे म्हणजे दोघांचे एसटी भाडे आणि दोघांच्या मजुरीचा खाडा. केसपेपर काढून रांगेत उभे राहावे, तर डॉक्टर आज शिबिराला गेलेले. भेटलेच तर दोन-तीन मिनिटे. गोळ्या पंधरा दिवसांच्या, त्यातली एक बाहेरून विकत घ्यायची. भगत मात्र गावातच असतो आणि तासभर ऐकून घेतो. आम्ही भगताची वकिली करत नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधून मारणे 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवले, ते योग्यच झाले. पण भगताचे दार बंद करायचे आणि दवाखान्याचे दार पन्नास कोसांवर ठेवायचे, याला सुधारणा कसे म्हणायचे?

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने सांगितले की निरनिराळ्या मानसिक आजारांत 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. एवढे सगळे लोक अडाणी म्हणून उपचाराविना राहिले काय? ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये. त्यातले एकही मराठवाड्यात नाही. हा दोष मराठवाड्यातल्या मजुराच्या अज्ञानाचा नाही.

आता कायद्याकडे येऊ. 2018 साली अमलात आलेला मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 हा चांगला कायदा आहे, हे आम्ही मोकळेपणाने म्हणतो. कलम 18 प्रमाणे सरकारी खर्चाने चालणारी सेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे आणि त्यात जातीवरून भेदभाव करता येत नाही. दारिद्र्यरेषेखालील माणसाकडे कार्ड नसले तरी उपचार मोफत. जिल्ह्यात किमान सेवा नसेल, तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या ठिकाणच्या उपचाराचा खर्च सरकारने सोसायचा. साखळदंडाने बांधणे बंद, सक्तीने मुंडण करणे बंद. आपला प्रतिनिधी कोण, हे रुग्णाने स्वतः ठरवायचे.

यातले किती दवाखान्याच्या भिंतीवर मराठीत लिहिलेले असते? ज्या बाईला आपला हक्क कुणी सांगितलाच नाही, ती तो मागणार कसा?

याच कायद्याचे कलम 19 म्हणते की रुग्णाला समाजात राहण्याचा हक्क आहे. तत्त्व आम्हाला शंभर टक्के मान्य आहे. माणसाला आयुष्यभर कोंडून ठेवणे हा उपचार नव्हे. पण ज्यांना कुटुंबाने सोडले किंवा ज्यांना कुटुंबच नाही, त्यांच्यासाठी निवारागृहे आणि आधार द्यावा, असेही तेच कलम सांगते. हा दुसरा भाग मागे पडला, की ‘समाज’ या शब्दाचा अर्थ उरतो एक पत्र्याची खोली आणि त्यात एक बाई. आई, बायको नाहीतर बहीण. ती रात्री जागते, गोळ्या देते, शेजाऱ्यांचे बोल ऐकते आणि कामावरून काढून टाकली जाते. संस्थेचे काम ती फुकट करते. तिला पगार नाही, सुट्टी नाही, आणि ती आजारी पडली तर तिच्यासाठी कुणी नाही.

कुणी म्हणेल, कायदा नवा आहे, वेळ लागेल. शिवाय 2022 पासून 14416 ही टेली-मानस सेवा आहे. फोनवर धीर मिळतो, ते चांगलेच आहे. पण गोळी फोनमधून येत नाही आणि बुडालेली मजुरीही फोनमधून भरून निघत नाही.

25 नोव्हेंबर 1949 रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत इशारा दिला होता : राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, ही विसंगती फार काळ चालणार नाही. मनोरुग्णाच्या बाबतीत तीच विसंगती आज सिव्हिलच्या रांगेत उभी आहे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात ठरलेल्या वारी मानसोपचारतज्ज्ञ आणि महिनाभराच्या गोळ्या. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी मनोरुग्णाला वारंवार हेलपाटे नकोत. सांभाळणाऱ्या व्यक्तीला भत्ता. प्रत्येक जिल्ह्यात निवारागृह.

आणि कार्यकर्त्यांना आमचे सांगणे : गोळ्या नाकारल्या, सेवा नाही म्हणून परत पाठवले, तर तोंडी वाद घालून घरी येऊ नका. कलम 18 चा उल्लेख करून लेखी अर्ज द्या, पोच घ्या. कलम 28 प्रमाणे तक्रारीचा आणि कलम 27 प्रमाणे मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. दया मागायला जायचे नाही, हक्क मागायला जायचे.

जय भीम!