सर्वांत महान कोण? आधी फूटपट्टी ठरवा!

‘सचिन की विराट?’ हा वाद आपल्या कॉलेजच्या कट्ट्यावर जितक्या तावातावाने रंगतो, तितक्याच तावातावाने प्राग, स्टॉकहोम आणि मॉस्कोत एक वेगळाच वाद रंगतो. युरोपने जगाला दिलेला सर्वांत महान आइस हॉकीपटू कोण? आपल्याकडे हा खेळ लडाखच्या गोठलेल्या तळ्यांपलीकडे फारसा पोहोचलेला नाही. त्यामुळे यात आपली कुठलीच ‘आपली टीम’ नाही. म्हणूनच हा वाद जरा थंड डोक्याने बघता येतो.

आधी आकडे बघू. चेक प्रजासत्ताकाचा यारोमिर यागर. उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या जगातल्या सर्वांत मोठ्या लीगमध्ये त्याच्या नावावर १,९२१ गुण आहेत. तिथे गोल केला की एक गुण, गोलला साहाय्य केलं की एक गुण. एकूण गुणांत त्याच्या पुढे एकटा कॅनडाचा वेन ग्रेट्झकी. शिवाय मध्ये तीन सीझन यागर रशियात खेळत होता, हे वेगळंच! दुसरा दावेदार रशियाचा अलेक्झांडर ओव्हेच्किन. ग्रेट्झकीचा ८९४ गोलांचा विक्रम कुणी मोडणार नाही, असं वर्षानुवर्षं म्हटलं जायचं. ओव्हेच्किनने ६ एप्रिल २०२५ रोजी तो मोडून दाखवला.

मग विषय संपला? अजिबात नाही. स्वीडनचा निक्लस लिडस्ट्रॉम बचावपटू होता. त्याचं काम गोल करणं कमी आणि होऊ न देणं जास्त. सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी त्याने सात वेळा जिंकली, स्टॅनले कप चार वेळा. पण न झालेला गोल कुठल्या रकान्यात लिहिणार? गुणांची यादी वरून खाली वाचत गेलात तर लिडस्ट्रॉम बराच खाली सापडेल आणि गोलरक्षक तर सापडणारच नाही.

या वादातली खरी मेख मात्र पुढेच आहे. सोव्हिएत संघाचा गोलरक्षक व्लादिस्लाव त्रेत्याक तीन ऑलिंपिक सुवर्णपदकांचा मानकरी. १९८३ मध्ये मॉन्ट्रियलच्या संघाने ड्राफ्टमध्ये त्याची निवड केली, पण सरकारने त्याला जाऊ दिलं नाही. पुढच्याच वर्षी, बत्तिशीत, तो निवृत्त झाला. एनएचएलमधला त्याचा हिशोब? शून्य सामने. त्याचाच सहकारी सर्गेई मकारोव्ह. त्याला अखेर १९८९ मध्ये जायला मिळालं, तेव्हा तो ३१ वर्षांचा होता. पहिल्याच सीझनला त्याने सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा पुरस्कार पटकावला. त्यावर इतकी ओरड झाली की या पुरस्कारासाठी वयाची अटच घालण्यात आली. ज्या माणसाची उमेदीची वर्षं दुसऱ्याच लीगमध्ये गेली, तो तिशीनंतर ‘नवोदित’! चेकोस्लोव्हाकियाच्या पीटर श्तास्तनीला तर एनएचएल गाठायला १९८० मध्ये देशातून पळून जावं लागलं. त्यानंतर त्याने तिथे १,२३९ गुण कमावले.

म्हणजे यागरचे १,९२१ गुण आणि त्रेत्याकचं शून्य यांतला फरक फक्त गुणवत्तेचा नाही. यागर एनएचएलमध्ये पोहोचला १९९० मध्ये, त्याच्या देशातली कम्युनिस्ट राजवट कोसळल्यानंतर लगेच. दहा वर्षं आधी जन्मला असता तर? यागरची थोरवी यामुळे तसूभरही कमी होत नाही. पण परीक्षेला बसूच न दिलेल्या विद्यार्थ्याला आपण नापास म्हणत नाही ना? मग रेकॉर्ड बुकात नसलेल्यांना ‘कमी’ कसं म्हणायचं?

‘हे सगळं ठीक, पण तुमचं मत कुणाला?’ असं तुम्ही विचाराल. विचारायलाच हवं. कारण ‘सगळेच महान’ म्हणणं म्हणजे पळवाट. आमचं मत चेक गोलरक्षक डॉमिनिक हाशेकला. एनएचएलच्या सर्वोत्तम खेळाडूचा हार्ट पुरस्कार दोनदा जिंकणारा तो एकमेव गोलरक्षक. १९९८ चं नागानो ऑलिंपिक हे एनएचएलचे खेळाडू उतरलेलं पहिलं ऑलिंपिक. म्हणजे ‘तो तिथे नव्हता म्हणून’ ही सबब कुणालाच उरली नव्हती. उपांत्य फेरीत कॅनडाविरुद्ध सामना शूटआउटमध्ये गेला आणि हाशेकने कॅनडाचे पाचही प्रयत्न अडवले. अंतिम फेरीत रशियाला एकही गोल करू दिला नाही आणि चेक संघ १-० ने जिंकला. त्याच संघात यागरही होता, हे विसरून चालणार नाही. पण सगळे एकाच मैदानात, एकाच नियमाने समोरासमोर आले, तेव्हा भिंत बनून उभा राहिला तो हाशेक.

तुम्हाला हे पटलंच पाहिजे असं नाही. सातत्य मोठं मानत असाल तर यागर घ्या, गोल मोजत असाल तर ओव्हेच्किन, चूक न करणं ही कला वाटत असेल तर लिडस्ट्रॉम. फक्त नाव घेण्याआधी आपली फूटपट्टी टेबलावर ठेवा. आपण बहुतेकदा उलटं करतो. आवडता खेळाडू आधी ठरवतो आणि त्याला बसेल अशी फूटपट्टी मागाहून शोधतो. आणि हो, यादी कुठलीही असो, खेळाची, कॅम्पस प्लेसमेंटची किंवा मेरिटची, पहिलं नाव वाचून टाळ्या जरूर वाजवा. पण मैदानात उतरायची संधी कुणाकुणाला मिळाली होती, हेही एकदा विचारा. वाद त्यानंतर घाला. मजा जास्त येईल!