जुन्या वास्तू : पाडाव्या की राखाव्या?

आपल्या समाजापुढे गेल्या काही वर्षांत एक प्रश्न वारंवार उभा राहत आहे. जी वास्तू आपल्या चळवळीच्या कामी आली, जिच्या भिंतींनी आपल्या सभा पाहिल्या, ती जीर्ण झाली म्हणजे तिचे काय करावयाचे? या प्रश्नाला कोणी भावनेने उत्तर देतो, कोणी व्यवहाराने. दोघेही अर्धेच उत्तर देतात. धम्मदीक्षा घेतलेल्या माणसाने कोणताही प्रश्न प्रज्ञेच्या कसोटीवर घासून पाहिला पाहिजे. म्हणून या प्रश्नाचा येथे कायद्याच्या व विवेकाच्या दृष्टीने विचार करावयाचा आहे.

2016 या एकाच वर्षातील दोन घटना आठवून पाहा. 25 जून 2016 रोजी पहाटेच्या अंधारात दादर येथील आंबेडकर भवन पाडण्यात आले. त्याच आवारात बाबासाहेबांनी उभारलेला बुद्धभूषण छापखाना होता. इमारत धोकादायक झाली होती व तेथे नवी बहुमजली वास्तू उभारावयाची आहे, असे विश्वस्तांच्या बाजूने सांगण्यात आले. बाबासाहेबांच्या नातवांनी व हजारो अनुयायांनी हे मान्य केले नाही आणि 19 जुलै रोजी मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, 2 ऑगस्टच्या रात्री, महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिश अमदानीतील दगडी पूल पुरात कोसळला. दोन एस. टी. गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. ज्या महाडात 1927 साली आपण पाण्याचा हक्क मागितला, त्याच महाडच्या पाण्याने ही माणसे गिळली.

पहिल्या घटनेत वास्तू पाडण्याची घाई झाली, दुसऱ्या घटनेत पूल वेळेवर वाहतुकीस बंद न करण्याची हयगय झाली. दोन्ही घटनांचे मूळ मात्र एकच आहे. निर्णयाआधी उघड व निःपक्षपाती तपासणी होऊन तिचा निष्कर्ष लोकांसमोर ठेवला गेला असता, तर दादरला एवढा संताप उसळला नसता आणि महाडला प्राण गेले नसते. जुने ते सारे राखावे हे जितके चूक, तितकेच जुने ते सारे पाडावे हेही चूक होय.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. 1958 च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे एखादी वास्तू प्राचीन स्मारक ठरण्यासाठी ती किमान शंभर वर्षे जुनी असावी लागते. या एका अटीमुळे स्वातंत्र्योत्तर काळात सिमेंट-काँक्रीटमध्ये उभी राहिलेली सारी आधुनिक वास्तुकला संरक्षणाबाहेर राहते. दिल्लीच्या प्रगती मैदानावरील ‘हॉल ऑफ नेशन्स’चे उदाहरण घ्या. राज रेवाल यांनी आखलेले व महेंद्र राज यांनी अभियांत्रिकी बळ दिलेले हे भव्य काँक्रीटचे सभागृह 1972 साली उभे राहिले. जगभरातील वास्तुशास्त्रज्ञांनी ते वाचविण्यासाठी विनंत्या केल्या. पण साठ वर्षेही पूर्ण न झालेली इमारत वारसा म्हणून विचारात घेता येत नाही, असे उत्तर मिळाले आणि एप्रिल 2017 मध्ये ते जमीनदोस्त झाले. याच्या उलट अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेत घडले. लुई कान यांनी आखलेली तेथील वसतिगृहे पाडण्याचा विचार डिसेंबर 2020 मध्ये जाहीर होताच एवढा विरोध झाला की संस्थेला 1 जानेवारी 2021 रोजी तो मागे घ्यावा लागला. संकट तेवढ्याने टळले असे नव्हे. परंतु लोकमत जागे असेल तर कुदळ थांबते, एवढे त्यावरून सिद्ध झाले.

राजे-रजवाड्यांचे वाडे, किल्ले व मंदिरे शतकानुशतकांची आहेत. कायदा त्यांच्याकडे आदराने पाहतो. आपला नवा इतिहास मात्र 14 ऑक्टोबर 1956 रोजी सुरू झाला. त्यानंतर आपण पोटाला चिमटा घेऊन, वर्गणी गोळा करून जी विहारे, समाजमंदिरे व वसतिगृहे बांधली, त्यांतील एकही वास्तू शंभर वर्षांच्या अटीत 2056 सालापूर्वी बसणार नाही. ज्यांना शतकानुशतके पक्की भिंत बांधण्याची मुभा नव्हती, त्यांच्याकडूनच कायदा शंभर वर्षांच्या भिंतीची अपेक्षा करतो! हा अन्याय कोणी हेतुपुरस्सर केलेला नसेल. पण अन्याय तो अन्यायच. स्मारकाची योग्यता केवळ वयावर न ठरता त्या वास्तूत काय घडले यावर ठरावी, ही मागणी आपण संघटितपणे केली पाहिजे.

येथे कोणी म्हणेल की तथागताने अनित्यतेचा उपदेश केला. मग विटा-दगडांचा हा मोह कशाला? हा आक्षेप विचार करण्याजोगा आहे. बाबासाहेबांनी आपल्याला व्यक्तिपूजेपासून सावध केले. मग भिंतीची पूजा तर आपण मुळीच करता कामा नये. परंतु अनित्यतेचा अर्थ बेफिकिरी नव्हे. नालंदा आणि सांची यांचे अवशेष मातीखाली व झाडीत हरवले, तेव्हा या देशातून बुद्धाचे नावही पुसले गेले आहे असे लोकांस वाटत होते. ते अवशेष उजेडात आले आणि इतिहास बोलू लागला. वास्तू ही साक्षीदार होय, आणि वकिलाला साक्षीदाराचे मोल सांगावे लागत नाही.

तथापि साक्षीदार जिवंत ठेवण्यासाठी माणसे मारता येत नाहीत. मुंबईच्या बी. डी. डी. चाळींचा विचार करा. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे 1920 नंतरच्या दशकात काँक्रीटमध्ये बांधलेल्या या 207 चाळींत आपल्या कितीतरी पिढ्या वाढल्या. दलित पँथरच्या सभेनंतर 1974 च्या जानेवारीत वरळीत ज्या दंगली झाल्या, त्यांच्या साक्षीदार याच चाळी आहेत. पण 160 चौरस फुटांची खोली आणि सामायिक शौचालय यांत राहणाऱ्या कुटुंबाला ‘तुझी खोली इतिहास आहे, म्हणून तू तीतच राहा’ असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. वरळीतील पहिल्या 556 कुटुंबांना ऑगस्ट 2025 मध्ये 500 चौरस फुटांची नवी घरे मिळाली, याचा आपण आनंदच मानला पाहिजे. स्मृतीचा भार गरिबाच्या छातीवर ठेवून जतन होत नाही. तेथे एखादी चाळ संग्रहालय म्हणून राखावी आणि बाकी माणसांना मोकळा श्वास घेऊ द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता आपल्या सातारा-सांगलीकडे वळू. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या राजवाड्यातील सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, एका मुलाचे नाव दाखल झाले. रजिस्टरात 1914 या क्रमांकापुढे ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद आहे. ते रजिस्टर कोणीतरी जपले, म्हणूनच 2017 पासून महाराष्ट्रात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. कागदाचे एक पान जपल्याने एवढे घडते, तर वास्तू जपल्याने काय घडेल याची कल्पना करावी.

परंतु आपली स्वतःची कागदपत्रे कोठे आहेत? वकिलीच्या कामात असा प्रसंग मी स्वतः पाहिला आहे. एका गावात वडीलधाऱ्यांनी साठ वर्षांपूर्वी श्रमदानाने बांधलेले समाजमंदिर ‘धोकादायक’ म्हणून पाडावयाचे ठरले. मंडळी माझ्याकडे आली, तेव्हा त्यांच्याजवळ ना जागेचा उतारा होता, ना ग्रामसभेचा ठराव, ना संस्थेची नोंदणी. होता तो केवळ कोनशिलेचा एक फोटो. वास्तू त्यांची होती हे गावातील शेंबड्या पोराला ठाऊक होते. न्यायालयाला मात्र पुरावा लागतो. ती इमारत वाचली नाही. त्या दिवशी एका वृद्ध मातेने मला विचारले, “वकीलसाहेब, आम्ही डोक्यावरून वाहिलेल्या दगडांचा पुरावा नाही का होत?” त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

म्हणून काही गोष्टी प्रत्येक विहार समितीने आजच कराव्यात. पहिली, जागेचा सातबारा अथवा मिळकत पत्रिका, ठराव, देणगीच्या पावत्या व जुने फोटो एकत्र करून त्यांच्या प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. कृष्णाकाठच्या वस्त्यांनी तर यात क्षणाचाही विलंब करू नये. 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांत भिंतींबरोबर कपाटेही पाण्यात गेली. दुसरी, इमारतीला तीस वर्षे झाली असतील तर नोटिशीची वाट न पाहता जाणत्या अभियंत्याकडून तिची संरचनात्मक तपासणी करून घ्यावी. तिसरी, नोटीस आलीच तर घाबरू नये आणि ती फाडूनही टाकू नये. साताऱ्यात नगरपरिषद अधिनियमाचे कलम 195 आणि सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेच्या हद्दीत 1949 च्या अधिनियमाचे कलम 264 लागू होते. या दुसऱ्या कलमात पाडणे हा एकच मार्ग नाही. सुरक्षित करणे व दुरुस्त करणे हेही सांगितले आहे. नोटीस म्हणजे निकाल नव्हे. चौथी, सार्वजनिक न्यासाची मिळकत विकावयाची, अथवा बिगरशेती मिळकत तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाडेपट्ट्याने द्यावयाची, तर 1950 च्या न्यास कायद्याच्या कलम 36 प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, हे विश्वस्तांनी व सभासदांनीही ध्यानात ठेवावे.

पाचवी गोष्ट कायद्यात लिहिलेली नाही, पण ती सर्वांत महत्त्वाची आहे. पाडावयाचे ठरलेच तर ते भरसभेत, स्त्रियांसह सर्वांच्या संमतीने आणि दिवसाढवळ्या ठरावे. भिक्षुसंघात प्रस्ताव तीन वेळा मांडून मगच निर्णय घेण्याची पद्धत होती आणि लोकशाहीचा तो धडा आपल्याला बाबासाहेबांनी संविधान सभेत आठवून दिला. जी वास्तू दहाजणांनी मिळून बांधली, तिचा निकाल दोघांनी अंधारात लावू नये. पाडण्यापूर्वी तिचे मोजमाप, नकाशा व छायाचित्रे घ्यावीत, वडीलधाऱ्यांच्या आठवणी लिहून काढाव्यात आणि तिची कोनशिला नव्या भिंतीत बसवावी.

सुरक्षित राहणे शक्य असेल ती वास्तू राखावी; शक्य नसेल ती सन्मानाने निरोप देऊन उतरवावी. दोन्ही वेळी निर्णय आपला असावा आणि त्याचा कागद आपल्या हाती असावा. आपल्या पूर्वजांना गावाबाहेर ठेवणाऱ्यांनी त्यांचा इतिहास लिहिला नाही. आपणही तो लिहिला नाही, तर पुढच्या पिढीला आपण कोणत्या तोंडाने उत्तर देणार?