शास्ती एक, कायदे दोन

मालमत्ता कराची प्रणाली लिहायची आहे असे धरा. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हे तीन क्लास. थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती काढणारी मेथड तिन्हींत अक्षरशः सारखी. पूर्वपक्ष लगेच म्हणतो, ती उचलून पेरेंट क्लासमध्ये टाका. मार्टिन फाउलर यांच्या 1999च्या ‘रिफॅक्टरिंग’ची साक्षही काढली जाते, मेथड वर नेण्याची रीत त्यात आहेच.

रीत खरी, पण इथे ती चुकीच्या जागी लागते. उल्हासनगर 1996पासून महापालिका आहे. तिची शास्ती महानगरपालिका अधिनियम, 1949मधून येते. अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर या नगरपरिषदा. त्यांना नगरपरिषदांचा 1965चा अधिनियम लागू. आकडा जुळला म्हणून नियम एक होत नाही. उद्या विधिमंडळाने एकाच कायद्यात दुरुस्ती केली, की पेरेंट क्लासमध्ये ‘उल्हासनगर असेल तर’ अशी पहिली अट शिरेल आणि तिच्यामागून आणखी शिरत राहतील.

‘मग कॉपी-पेस्टच बरे’ हेही मला मान्य नाही. अंबरनाथ आणि बदलापूरचा कायदा खरोखरच एक आहे. तो दोनदा लिहिला, तर दुरुस्ती एकीकडे होईल, दुसरीकडे राहून जाईल आणि बदलापूरकराच्या हाती चुकीचे बिल पडेल. हंट आणि थॉमस यांनी ‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रामर’मध्ये पुनरुक्तीला विरोध केला तो ज्ञानाच्या पुनरुक्तीला, सारख्या दिसणाऱ्या ओळींना नव्हे.

म्हणून नियम शहराच्या क्लासबाहेर काढावा. महापालिकेची शास्ती आणि नगरपरिषदेची शास्ती अशी दोन लहान ऑब्जेक्ट करून ज्या शहराला जे लागू ते द्यावे. दर, रक्कम आणि महिन्यांचा गुणाकार मात्र दोघांनी एकाच फंक्शनकडून करून घ्यावा. वारशापेक्षा जोडणी बरी, हे ‘डिझाइन पॅटर्न्स’ने 1994मध्येच सांगितले आहे.

‘शहराचा कायदा कशाला बदलतोय?’ असे कोणी विचारेल. तो इथेच बदलला आहे. 1983मध्ये अंबरनाथ आणि बदलापूर कल्याण महापालिकेत गेली आणि 1992मध्ये बाहेर पडली. वारसा कोडमध्ये कोरला असता, तर दोन्ही वेळा क्लासचा पेरेंट बदलून त्याच्यासोबत आलेली प्रत्येक मेथड पुन्हा तपासावी लागली असती. जोडलेला नियम बदलायला एक ओळ पुरली असती.